वाकड्या नळीचं पाणी

भाऊ, तुझा चष्मा मी अजून पुसलेला नाही. वहिनींनी तो तुझ्या फोटोपाशी ठेवायला माझ्याजवळ दिला, नीट पुसून ठेव म्हणाल्या. मी खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि तसाच चिंधीत गुंडाळून माझ्या पेटीत ठेवला. दोन्ही काचांवर बाहेरून बारीक पांढरे ठिपके आहेत. पाणी उडून जागच्या जागी वाळलं की पडतात तसे. दिवसभरात कितीदा तरी तू कोटाच्या टोकाने काचा पुसायचास. कामाच्या त्या शेवटच्या दिवशी अंगात कसकस होती, तेव्हा पुसायचं राहून गेलं असेल.

ते ठिपके पाहिल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट आली आहे आणि ती सांगायला घरात कोणी नाही. तू असतास तर तुलाच सांगितली असती, तेव्हा तुलाच सांगते. चार माणसांत माझा आवाज निघत नाही हे तुला माहीत आहे. लिहिलं तर निदान मधे कोणी काय म्हणालीस म्हणून विचारत नाही.

उद्या चांद्याहून एक दातांचे डॉक्टर यायचे आहेत, तुझं दात कोरायचं मशीन न्यायला. वहिनींच्या वडिलांनी सगळं ठरवलं. त्यात कोणाचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. पोरं लहान आहेत आणि समोरच्या खोलीत ती खुर्ची नुसती बसून राहून कोणाचं पोट भरणार नाही. पण मशीन गेलं म्हणजे त्याच्यातली वाकडी नळीही गेली. ती चांद्याच्या लोकांच्या तोंडात पाणी सोडेल आणि त्या डॉक्टरांच्या चष्म्यावर ठिपके पाडेल. त्यांना सांगावं की गप्प राहावं, एवढंच माझ्यापुढे आहे. सांगितलं तर तुझं नाव जातं. गप्प राहिले तर काय जाईल ते मला नक्की माहीतही नाही.

मशीन आलं तो दिवस तुला आठवतो का? आपला जिल्हा मुंबईच्या राज्यात गेला त्याच वर्षी. गावातले लोक चौकात उभे राहून त्यावर भांडत होते, आणि तू स्टेशनवरून बैलबंडीत मशीन घालून, वर स्वतः बसून, असा आलास की जणू राज्य तुलाच मिळालं. नागपूरचा कोणी गोरा डॉक्टर विलायतेला परत चालला होता, त्याचं जुनं मशीन. विजेवर चालणारं, आणि फिरणाऱ्या चाकावर आपोआप थंड पाण्याचा फवारा सोडणारं. वहिनी म्हणाल्या, एवढ्या मोठ्या लोखंडाला ठेवायचं कुठं. तू म्हणालास, "तुमचं कपाट काढू." त्यांनी खरंच दिवसभर तुझ्याशी अबोला धरला.

त्याआधीचं पायाने चालवायचं चाक मला चांगलं आठवतं. शिवणाच्या मशीनसारखं पायाने दाबायचं आणि हातातल्या सुईने दात कोरायचा. माणसं खुर्चीचे हात धरून विव्हळायची. तू घामाघूम होऊन आत यायचास, ताक मागायचास आणि म्हणायचास, आज तिघांना रडवलं. विनोदाने म्हणायचास, पण तुला जेवण जायचं नाही. नवीन मशीन आल्यावर ओरडणं थांबलं. पडद्याआडून मला फक्त चाकाची शीळ आणि तुझा आवाज ऐकू यायचा, "थुंका." कधी मायेने, कधी दटावून, गिरणीच्या माणसांना "थुंक बाप्पा", बायकांना "थुंका हो बाई, लाजू नका." दिवसभर घरात तोच शब्द. धाकटी खेळतानाही बाहुलीला थुंकायला सांगायची.

मी सासरहून परत आले तेव्हा तू मला काही विचारलं नव्हतंस. गावातल्या सगळ्या बायकांनी विचारलं, वहिनींच्या आईने तर दोनदा विचारलं. तू फक्त दवाखान्यातली भिंतीवरची पाण्याची टाकी दाखवलीस आणि म्हणालास, "शांते, हे भरत जाजो रोज सकाळी. दुसऱ्या कोनाच्या हातचं पाणी मले चालत नाई." दुसऱ्या कोणाच्या हातचं तुला चालत होतं, तू हॉटेलात चहा पीत होतास. पण त्या एका वाक्याने मला या घरात जागा झाली. हे मी तुला कधी म्हटलं नाही. असं म्हणायचं कसं, मला अजून कळत नाही.

मी पाणी उकळायची, निववायची, दुहेरी फडक्यातून गाळायची आणि टाकीत ओतायची. टाकी रोज राखेने घासायची. मशीन आल्यापासून तिथून रबरी नळी मशीनला जायची, आणि पुढे मशीनच्या लांब हाताच्या पोटातून एक बारीक पितळी नळी, कोपरासारखी वळणं घेत, चाकापर्यंत. पाणी काचेसारखं दिसायचं. मग गिरणीतला मुकादम, लक्ष्मण जॉबर आला. मशीनच्या पाण्याची चूळ भरून तो तुला म्हणाला, "डाक्टरसाहेब, माह्या दाताले कीड लागली म्हनून आलो. तुमच्या पान्याले कायची लागली?"

तू हसलास. म्हणालास, तुझ्याच तोंडाचा वास आहे बाप्पा, थुंक. पण तो गेल्यावर तू पेला नाकाशी नेलास आणि मला हाक मारलीस. टाकी धुतली होती का, पाणी उकळलं होतं का, सगळं विचारून झालं. मग तू रबरी नळी सोडवलीस, टोकात करंगळी घातलीस आणि बाहेर काढून माझ्यापुढे धरलीस. बोट भेंडीच्या तारेसारखं चमकत होतं.

"हे काय हाये वं?"

"बुळबुळ."

"ते मलेही दिसते. आली कुठून? पानी तं साफ हाये."

मी म्हटलं, माठात येते तशीच आली असेल. माठातलं पाणीही साफ असतं. दोन दिवस आतून हात फिरवला नाही तर बोटाला लागते. तू विचारलंस, मग तुम्ही बायका काय करता. काय करणार, रोज हात घालून घासतो. नुसतं विसळून जात नाही. तू बराच वेळ नळीत एका डोळ्याने पाहत बसलास आणि म्हणालास, "यात हात घालनारी बाई कुठून आनू आता."

तेव्हा आपण दोघं हसलो होतो. पुढे वर्षभर त्या बाईलाच शोधत राहिलो.

विहिरीत टाकतात ते लाल औषध तू आणलंस. टाकीतलं पाणी जांभळं झालं. नळी धुऊन घ्यायच्या आधीच शाळेचे गुरुजी येऊन खुर्चीत बसले, आणि तू पडवीत कोणाशी तरी बोलत असताना त्यांनी आपल्या हाताने चूळ भरली. थुंकून पाहतात तो सगळं जांभळं. "डॉक्टर, माझं रक्त बदललं," म्हणून त्यांनी खुर्चीतून उडी मारली. तू त्यांना गंभीर तोंडाने सांगितलंस, पोरांच्या चुका काढून काढून शाई तोंडात गेली असेल. मी पडद्याआड पदर तोंडात कोंबून बसले होते. त्या दिवसानंतर गुरुजी जेव्हा येत, आधी पाण्याचा रंग पाहत.

औषधाने वास गेला. बुळबुळ तपकिरी झाली, वरून मेल्यासारखी दिसली. काही दिवस बरे गेले आणि मग पुन्हा तेच. जणू वरच्या थराने अंगावर घेतलं आणि खालच्याला पदराखाली झाकलं. मग तू नळीच उकळलीस. रबर मऊ पडून चिकट झालं आणि गार झाल्यावर तडकलं. नागपूरहून नवी नळी आणलीस, लाल, वासाची. मी रोज बोट घालून पाहायची. आधी कोरडं खरखरीत लागायचं, मग नुसतं ओलं, मग एक दिवस गुळगुळीत. मी तुला ते दोन दिवस सांगितलंच नाही, कारण तू खुशीत होतास. तिसऱ्या दिवशी तूच म्हणालास, "आली ना परत? तुह्या तोंडावरून समजलं मले."

परकराला नाडी घालायची काडी घेऊन मी सुताला चिंधी बांधली आणि नळीतून ओढली, ते तुला फार आवडलं होतं. रबरी नळी तशी साफ होत होती. चिंधीवर खळीसारखा लगदा यायचा. तू सगळ्यांना सांगत सुटलास की ही युक्ती शांतेची. मला लाजेने आत पळावंसं झालं. पण पितळी नळीत काडी पहिल्या वळणालाच अडायची. तू सायकलची तार घालून पाहिलीस, घोड्याच्या शेपटीचा केस घालून पाहिलास. मशीनचा तो लांब हात उघडायला गेलो तर स्क्रूच्या जागी सगळं डाख देऊन, धातू वितळवून बंद केलेलं. मशीनसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तकात तू रात्रंदिवस शोधलंस. त्यात म्हणे एवढंच होतं की पाणी स्वच्छ वापरावं.

स्वच्छच तर वापरत होतो ना रे आपण.

रबरी नळी कितीही घासली तरी वाकड्या पितळीतून बुळबुळ परत खाली उतरायची, बी ठेवल्यासारखी. तेव्हा मी म्हटलं की फवारा बंद करून टाक. लोट्याने पाणी दे, जसं आधी देत होतास. आणि तिथून आपलं भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

तुझं म्हणणं होतं की हे चाक एवढं जोरात फिरतं की पाण्याविना दात तापतो, माणसाच्या मेंदूपर्यंत कळ जाते. पहिल्यासारखी माणसं ओरडायला लागतील. मी म्हणायची की कळ जाईल आणि थांबेल, पण त्या पाण्यात काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. तू म्हणायचास, ठाऊक नाही त्याच्यासाठी ठाऊक असलेलं दुखणं लोकांना कसं देऊ? मी म्हणायची, ज्या माठातलं पाणी आपण पीत नाही ते दुसऱ्याला कसं द्यायचं? वहिनी दोन्ही हात जोडून म्हणायच्या, जेवताना तरी थुंकीची गोष्ट नको.

पण भाऊ, माझ्याशी भांडणारा तू एकटाच होतास. बाकीचे मला समजावतात, नाहीतर दटावतात. भांडत कोणी नाही. भांडायला समोरच्याला काही कळतं असं धरावं लागतं. तू ताटावर बसून, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, माझ्या बोलण्याला उत्तर शोधायचास, तेव्हा मला वाटायचं की हे भांडण मिटू नये. आता वाटतं, मिटवलं असतं तर बरं झालं असतं. पण कोणत्या बाजूने मिटवायचं होतं ते आजही मला सांगता येणार नाही.

ताप यायच्या आदल्या दिवशीही तेच झालं. तू ताक अर्धं ठेवून उठलास. दारातून मागे वळून म्हणालास, "तूच सांग मंग. कोनाले दुखवू?" मी तुझं अर्धं ताक झाकून ठेवलं. तू गेलास आणि पडद्यापलीकडून चाकाची शीळ ऐकू आली, आणि मग "थुंका."

तुझ्या आजारपणाचं मी फार लिहिणार नाही. तू तिथेच होतास. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासून निमोनिया सांगितला आणि पेनिसिलीनची सुई सुरू केली. ते म्हणाले, दोन-तीन दिवसांत उतार पडतो. गावात कोणालाही पडतो. तुला पडला नाही. त्यांनी सुया वाढवल्या, रोज येऊन बसले, आणि त्यांच्या तोंडावर मी जे पाहिलं ते मला आपल्याच तोंडावरून ओळखीचं होतं. नळी परत गुळगुळीत झाली की आपण एकमेकांकडे तसंच पाहायचो.

श्वास लागत असताना तू मला जवळ बोलावून विचारलंस, "शांते, त्या नळीचं पानी माह्या छातीत तं नाई उतरलं? डाक्टरले विचार." मी विचारलं. दाराआडून विचारलं, माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, पण विचारलं. डॉक्टर चांगले गृहस्थ आहेत. हात धुता धुता थांबून त्यांनी मला उत्तर दिलं. म्हणाले, "बाई, नळीचं पाणी तोंडात जातं, तोंडातून पोटात. आणि ते जाईल पेशंटच्या. तुमच्या भावाच्या छातीत ते कुठल्या वाटेनं जाणार?" मला ते पटलं. मी तुला येऊन सांगितलं की डॉक्टर नाही म्हणतात. तू डोळे मिटलेस. तुला पटलं की तू थकलास, ते मला कळलं नाही.

आम्ही सगळे वाहतं पाणी धरून चाललो होतो. उडतं पाणी कोणी धरलं नाही. चष्मा हातात येईपर्यंत मीही नाही. चाकावर फवारा पडला की त्याचं धुकं उठायचं आणि तू त्यात वीतभर अंतरावर तोंड घालून दिवसभर बसायचास. काचांवर एवढं बसलं, तर काचा नव्हत्या तिथे, नाकाशी, तोंडाशी, किती गेलं असेल?

तसं नसेलही. त्या महिन्यात अर्धं गाव खोकत होतं. ते लोक कुठे तुझ्या खुर्चीपाशी बसले होते? तुझ्या खुर्चीत बसलेली माणसं तर हिंडतात-फिरतात, लक्ष्मण जॉबर खांदा द्यायला आला होता. मग मी म्हणते हे कशावरून? चष्म्यावरच्या ठिपक्यांवरून. हे घेऊन मी कोणाकडे जाऊ? डॉक्टरांना सांगितलं तर ते ऐकून घेतील, आणि तू तर येणार नाहीस.

वहिनींना मी सांगायचा प्रयत्न केला. त्या गहू निवडत होत्या. चष्म्याचं मी बोललेच नाही, एवढंच म्हटलं की नळीचं त्या चांद्याच्या डॉक्टरांच्या कानावर घातलेलं बरं. त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "शांताबाई, परीक्षा न देता डाक्टर झाला म्हणून लोक आधीच बोलत होते. आता म्हणतील पाणीही घाण पाजत होता. माझ्या पोरांना याच गावात, याच नावानं राहायचं आहे." आणि मग, सूप परत हातात घेऊन, "तुम्ही किती घासलं ते मी पाहिलं आहे. पण ते लोकांनी नाही पाहिलं." त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तेराव्यानंतर घरातले माठ बाहेर काढायचे होते. सुतकातली मातीची भांडी ठेवत नाहीत, पितळ घासून घेतात. मी दोन्ही माठ मोकळे केले आणि मग समोरच्या खोलीत जाऊन रबरी नळी सोडवली. माठात घातली. पाण्याचंच तर भांडं होतं तेही. वहिनींनी पाहिलं. गड्याने ते सगळं नदीकाठी बाभळीखाली नेऊन ठेवलं. पितळी नळी मी काढू शकले नाही. ती हाताच्या पोटात आहे, आणि पितळ सुतकानेही जात नाही.

उद्या ते येतील. मी काय करेन मला माहीत नाही. वहिनींचं खरं आहे आणि माझंही खोटं नाही. तू असतास तर आपण भांडलो असतो.

काल इथपर्यंत लिहिलं होतं.

ते आज आले. भाऊ, पोरगेलासा आहे रे. शिकून नुकताच आलेला, नवं लग्न झालेलं, बोलायला गोड. वहिनींना ताई म्हणाला, पोरांना खाऊ आणला होता. मशीनवरून त्याने असा हात फिरवला की मला तुझी बंडी आठवली. जुनी नळी दिसत नाही म्हणाला, तेव्हा वहिनींच्या वडिलांनी सांगितलं की घरात सुतक होतं, पाण्याचं जुनं काढून टाकलं. त्याने मान डोलावली. सोबत नवी नळी आणलीच होती त्याने, लाल रबराची. त्याने ती जोडली. टाकी भरायला पाणी मागितलं तेव्हा मीच भरलं. उकळून, निववून ठेवलेलं होतं. का उकळलं होतं ते मला विचारू नकोस. सकाळी हात आपोआप चुलीकडे गेले.

त्याने बटन दाबलं. ती शीळ वाजली आणि धाकटी आतून धावत आली, आणि दारातच थांबली. फवारा उडाला. तो खूश झाला, खाली वाकून पाहत राहिला. मग सगळ्यांना दाखवावं म्हणून त्याने मशीनच्या हाताच्या टोकाखाली पेला धरून भरला आणि मोठी चूळ घेतली. तोंडात पाणी धरून, गाल फुगवून, तो हसत वहिनींच्या वडिलांकडे वळला.

मी म्हटलं, "थुंका."

मोठ्याने निघालं, भाऊ. तुझ्यासारखं, दटावून. खोलीतले सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तो दचकला आणि वाकून भांड्यात थुंकला, जसे तुझ्यासमोर सगळे थुंकायचे तसा. मग तोंड पुसत हसला. म्हणाला, डॉक्टरांनी बहिणीलाही तयार करून ठेवलं. आणि मग, जरा माझ्याकडे पाहून, "काऊन बाई, पान्यात काही होतं का?"

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. धाकटी त्यांच्या पदराला धरून उभी होती. मी म्हटलं, "वाकडी नळी आतून घासता येत नाही." एवढंच आलं. कोणती, त्याने विचारलं. मी बोटाने दाखवलं. त्याने वाकून पाहिलं, टिचकी मारली आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला की आता नवी नळी घातली ना, आता काळजी नाही. चष्म्याचं मला सांगायचं होतं. शब्द जुळवत होते तोवर हमाल आत आले.

खरं सांगू का? तुझं नाव मी घालवलं नाही. त्या पोरालाही सांगितलं असं म्हणता येईल. आणि कोणाचंच काही झालं नाही. एक घोट तेवढा मी थुंकवला. बाकीचं सगळं त्या वळणांत बसून आहे, तो घरी नेईल, जोडेल, पाणी स्वच्छ वापरेल.

त्यालाही चष्मा आहे. मशीनजवळ वाकून पाहत होता तेव्हा त्यावर धुकं बसलेलं मी पाहिलं. ट्रकमध्ये चढायच्या आधी त्याने तो काढला, खिशातला पांढरा रुमाल काढून दोन्ही काचा लख्ख पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या, आणि परत डोळ्यावर ठेवला.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, चष्मा ठेवला का फोटोपाशी? मी हो म्हटलं आणि मग नेऊन ठेवला. चिंधीतून काढला तसाच, न पुसता. काचा भिंतीकडे करून ठेवला आहे.